गालावरचं इंग्रजी

इंग्रजीत जोरात मारण्याला ‘हार्ड’ म्हणतात आणि अजून जोरात मारण्याला ‘हार्डर’. माझ्या नातीच्या पुस्तकात हा धडा चित्रांसकट दिलाय. एक ससा पळतो, दुसरा त्याच्याहून जलद पळतो, तिसरा सगळ्यांत जलद. खाली रिकाम्या जागा भरायच्या. परवा ती मला विचारत होती, ‘आजोबा, तुम्हाला हे कसं शिकवलं होतं?’ मी म्हटलं, ‘मारून.’ ती हसली. म्हाताऱ्याची नेहमीची तक्रार असेल, आमच्या वेळी मास्तर छडीनं फोडून काढायचे वगैरे, असं तिला वाटलं. पण मी तसलं काही म्हणत नव्हतो. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. ते काम ते दुसऱ्यांकडून करून घेत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव मंठ्याकडचं. गावातली शाळा चार इयत्तांत संपायची आणि इंग्रजी शिकायचं तर जालना गाठावं लागायचं. गावातल्या कुणाला इंग्रजीची गरज वाटत नव्हती, मलाही नव्हती. गरज वाटली होती ती दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि त्याचं कारणही त्यांच्या डोक्यात एकच होतं. कापसाची गाडी घेऊन ते एकदा जालन्याला आले असताना स्टेशन बघायला गेले. तिथं तिकिटाच्या खिडकीपाशी आपल्यातलाच एक काळासावळा पोरगा एका गोऱ्या साहेबाशी इंग्रजीत बोलत होता, आणि साहेब उभा राहून ऐकत होता. ‘उभा राहून, बरं का!’ दादा ज्याला त्याला सांगायचे. पटवारी असो, पाटील असो, दौऱ्यावर आलेला एखादा अंमलदार असो, दादांच्या आयुष्यात बसणारा नेहमी समोरचा आणि उभे राहणारे दादा. त्यामुळे साहेबाचं ते उभं राहणं त्यांच्या मनातून काही केल्या जाईना. माझं सगळं शिक्षण त्या एका साहेबाच्या पायांवर उभं आहे.

जालन्यात मस्तगडला माझी आत्या राहायची, दादांची थोरली बहीण. तिच्या यजमानांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. ते सकाळी जात ते दिवेलागणीला परतत आणि घरात काय चाललंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. घर आत्याचं होतं. तिला एकच मुलगा, तोही नवसासायासानं झालेला, माझ्याच वयाचा. आम्हा दोघांना एकाच वर्गात घातलं. दादांनी ज्वारीची पोती, तूर, भुईमूग सगळं आत्याकडे पोचतं केलं होतं, तरी मी त्या घरात राहतोय ते उपकारावर, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ते कळायला शाळा लागत नाही.

शाळेचा कारभार उर्दूतून. सुट्टी शुक्रवारी. मास्तर आमच्यासारखेच मराठी घरातले होते, पण अंगात काळी शेरवानी चढली की मराठी बाहेर राहायची. मराठी मास्तर मराठी पोरांना उर्दूतून इंग्रजी शिकवत, आणि यात काही चमत्कारिक आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नसे. मला उर्दू लवकर आली, इंग्रजी त्याहून लवकर. कशी आली ते मला ठाऊक नाही. त्यात माझी फुशारकीही नाही. आली नसती तर माझे गाल तरी वाचले असते.

कारण वर्गात नंबर असायचे. हल्लीसारखे निकालाच्या कागदावर नाहीत, बसायच्या जागेचे. भिंतीला लागून पट्टी अंथरलेली, तिच्या वरच्या टोकाला पहिला नंबर, दाराशी शेवटचा. मास्तर प्रश्न विचारत एकाला, कधी वरच्या टोकापासून, कधी दारापासून. त्याला आलं नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्याला उत्तर येईल त्यानं उठायचं, न आलेल्या प्रत्येकापुढे जायचं, डाव्या हातानं त्याचं नाक धरायचं आणि उजव्या हातानं एक मुस्कटात ठेवून द्यायची. सगळ्यांना मारून झालं की वरच्या जागेवर जाऊन बसायचं. हा रिवाज आमच्या मास्तरांनी शोधून काढला नव्हता, गावोगावच्या शाळांत चालत होता. त्यामुळे पोरं अभ्यास करतात असं मोठी माणसं म्हणायची. या मोठ्या माणसांच्या नाकाला कुणी हात घालत नव्हतं, म्हणून त्यांना तसं वाटायचं.

पहिल्याच महिन्यात मी खालून चढत चढत वर गेलो. वाटेत आत्येभाऊ लागला. मी त्याचं नाक धरलं, गालाला हात टेकवल्यासारखा केला आणि पुढे गेलो. त्याला लागलं नाही, पण पोरं हसली. घरी येऊन त्यानं ते सांगितलं. सांगताना त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, गंमत म्हणून सांगत होता. आत्या भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

‘माझ्या घरचं खाऊन माझ्याच लेकराच्या मुस्कटात हानतू व्हय रे?’

मी म्हटलं, ‘शाळंचा नियमच हाय तसा, आत्या.’

‘नियम तिकडं शाळंत. हितं माझं घर हाय. त्याच्या खाली बसायचं, समजलं का बराबर? न्हाईतर तुझ्या बापाला निरोप धाडते, गाडी घिऊन ये म्हणून.’

त्या दिवशी माझ्या भाकरीवर तूप पडलं नाही. तुपाचं मला काही नव्हतं, पण निरोपाची भीती बसली. मी परत गेलो असतो तर मला काय, गावात पोहायला विहीर होती, चिंचा होत्या. पण दादांचं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं. म्हणून मी वर्गात तोंड मिटलं. प्रश्न आला की खाली बघायचं. आत्येभाऊ माझ्या वरच्या जागेवर यावा म्हणून मी त्याला हळूच उत्तरं सांगू लागलो. तो उभा राहून माझंच उत्तर मास्तरांना द्यायचा, शाबासकी घ्यायचा आणि नियमाप्रमाणे माझं नाक धरून मला मारायचा. हळूच मारायचा, हे सांगायला हवं. तो वाईट मुलगा नव्हता. पण स्वतःचं उत्तर दुसऱ्याच्या हातानं स्वतःच्या गालावर परत येतं तेव्हा ते कसं लागतं, हे ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल. वर्षभर मी ते सोसलं, आणि वर्गात माझं नाव ‘ढ’ म्हणून पक्कं झालं.

दादा महिन्या-दोन महिन्यांनी बाजाराला यायचे. गाडी आत्याच्या दारात सोडायचे, वर न बसता ओसरीच्या कडेला टेकायचे. निघताना बैल जुंपून झाले की मला जवळ बोलवायचे. ‘काय शिकलास नवं? म्हणून दाखव.’ मग मी काहीतरी म्हणायचो, मांजर चटईवर बसलं, सूर्य पूर्वेला उगवतो, असलंच काहीतरी. ते कासरा हातात धरून, पटका नीट करून, उभं राहून ऐकायचे. मग ठरलेला प्रश्न, ‘म्हंजी काय रे?’ मी अर्थ सांगायचो. मांजर चटईवर बसलं यात एवढं काय, असं त्यांना कधीच वाटलं नाही. मान हलवत गाडीत चढायचे आणि मंठ्याच्या रस्त्यापर्यंत त्यांच्या तोंडावर ते मांजर असायचं. नंबर कितवा हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यांचा विश्वासच तसा होता.

वर्ष सरता सरता मास्तरांनी क्रियाविशेषणांची तुलना काढली. एकानं काम एका रीतीनं केलं आणि दुसऱ्यानं त्याहून अधिक केलं तर काय म्हणायचं? छोट्या शब्दाला शेपूट लागतं. फास्टचं फास्टर, हार्डचं हार्डर. लांब शब्दाच्या पुढे ‘मोर’ येऊन उभं राहतं. क्विकलीचं मोर क्विकली, सॉफ्टलीचं मोर सॉफ्टली. आणि काही शब्द उर्मट, ते रूपच पालटतात. वेलचं बेटर, बॅडलीचं वर्स. आपल्याकडचा शब्द बिचारा जागचा हलत नाही, आधी ‘अजून’ म्हटलं की भागतं. मला हे ऐकताक्षणी कळलं. बाकी वर्ग तोंडाकडे बघत राहिला.

मास्तरांची एक समजूत होती, करून दाखवल्याशिवाय पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. त्यांनी दोन पोरांना अंगणात पळायला लावलं. एक फास्ट, दुसरा फास्टर. मग नळ्याची कौलं उचलून ठेवायला लावली. एक केअरफुली, दुसरा मोर केअरफुली. मग त्यांची नजर आमच्यावर आली. आत्येभावाला एक उत्तर आलं होतं, म्हणजे मी सांगितलं होतं, आणि तो माझं नाक धरून उभा होता. त्यानं मला मारलं, नेहमीसारखं हलकं.

‘ये क्या मच्छर मार रहे हो?’ मास्तर म्हणाले. ‘इसको कहते हैं सॉफ्टली. अब हार्ड.’

त्यानं मारलं. गाल तापला.

‘अब हार्डर.’

त्यानं मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मारलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ही हिट हिम हार्डर. मास्तर खुश झाले. वर्गाला धडा कळला होता. मास्तरांनी मला विचारलं, सॉफ्टलीचं काय होईल? मी जमिनीकडे बघत राहिलो. ‘ढ आहे, ढ,’ मागून कुणीतरी म्हणालं. मास्तर आत्येभावाला म्हणाले, याला बोलता येईपर्यंत मार, दरवेळी आधीपेक्षा जोरात. त्यानं मारलं. मग पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी हात उचलला तेव्हा तो बारीकसा हसला. भीतीनं हसला असेल. मास्तर बघत होते, पोरं बघत होती, माणूस भीतीनंही हसतो. पण तेव्हा माझ्याकडे तेवढा विचार करायला सवड नव्हती.

मी बोललो. मोर सॉफ्टली म्हणालो, मोर क्विकली म्हणालो, बेटर, वर्स, फास्टर, फार्दर, मास्तरांनी न शिकवलेलंसुद्धा म्हणालो, चालू धड्याच्या पुढची दोन पानं मी घरी वाचून ठेवली होती. मास्तर म्हणाले, ‘अच्छा? जाओ ऊपर.’ वर जायचं म्हणजे वाटेतल्याला मारत जायचं. मी आत्येभावाचं नाक धरलं आणि वर्षभराची सगळी उत्तरं एका हातात गोळा करून त्याच्या गालावर दिली. पाचही बोटं उमटली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवळतो. मी निवळलो नाही.

त्या संध्याकाळी आत्यानं मुलाचा गाल दिव्याशी नेऊन बघितला. मंठ्याला जाणाऱ्या एका गाडीवाल्याकडे तिनं निरोप दिला आणि माझी वळकटी बांधून ओसरीवर ठेवली. शुक्रवारी, शाळेला सुट्टी असताना, दादा आले.

येताना त्यांनी हरभऱ्याचा डहाळा आणला होता. तो त्यांनी आत्याच्या पुढ्यात ठेवला. तिनं तिकडे पाहिलं नाही. ती ओसरीवर सूप घेऊन बसली होती, दादा अंगणात उभे होते.

‘घिऊन जा तुझं लेकरू,’ आत्या म्हणाली. ‘माझ्याच्यानं न्हाई सांभाळणं हुयाचं. माझ्या पोराचा गाल सुजून आल्ता. धड जेवला न्हाई त्यो.’

‘अक्का, येवढ्या डाव माफी करा,’ दादा म्हणाले.

आजवर ते बहिणीला ‘तू’ म्हणत आले होते. त्या दिवशी त्यांनी ‘तुमी’ लावलं.

‘शाळा बुडंल त्याची. दुसरीकडं कुठं ठिवू त्याला? जालन्यात आपलं हायच कोन?’

‘ते माझ्या लेकराला हानायच्या आधी कळाया पायजे व्हतं.’

दादांनी डहाळा तिच्या आणखी जवळ सरकवला. मग म्हणाले, ‘मंग तुमच्या लेकराला हानू द्या त्याला. तुमच्या डोळ्यांम्होरं हानू द्या. बराबरी झाली म्हंजी राग ठिवू नका.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण आत्यानं सूप खाली ठेवलं आणि मुलाला हाक मारली. तो दाराआडून बाहेर आला. त्याला यायचं नव्हतं, हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. त्यानं माझ्यापुढे उभं राहून माझ्या गालावर हात लावला, पहिल्या महिन्यात मी त्याला लावला होता तसाच. आत्यानं तोंड फिरवलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

दादा तिच्या तोंडाकडे बघत होते. ते मागून आले, माझे दोन्ही खांदे त्यांनी धरले.

‘तसं न्हाई रे बाळा,’ ते आत्येभावाला म्हणाले. ‘अजून जोरात हान. भिऊ नगंस, मी धरलंय त्याला.’

दादांनी मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, पुढेही कधी मारलं नाही. आत्येभाऊ रडायला लागला आणि रडत रडत त्यानं मारलं, शाळेत मारलं होतं त्याहून जोरात. माझं डोकं दादांच्या छातीवर आपटलं. आत्या म्हणाली, ‘बास झालं.’ मग उठून आत गेली आणि चुलीवर तवा टाकला.

दादा जेवले. गरम भाकरी, वरण, वर तूप. आत्या आग्रह करत होती आणि ते ‘बास अक्का, बास’ म्हणत होते, पुन्हा पूर्वीसारखे. ती दोघं लहानपणीच्या कुठल्याशा गाईची आठवण काढून हसलीसुद्धा. मला त्या हसण्याचा जेवढा राग आला तेवढा चापटीचा आला नाही. त्या सौद्यात मला शाळा मिळाली, हे खोटं नाही. पुढे शिकलो, इंग्रजीवर नोकरी मिळवली, जन्मभर पोट भरलं. माझ्यासाठीच त्यांनी ते केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. लोकांना वाटतं, कळलं की राग जातो. माझा गेला नाही.

जेवण झाल्यावर दादांनी बैल जुंपले. वळकटी आत्यानं स्वतः उचलून आत नेली होती. मी गाडीपाशी गेलो नसतो, पण त्यांनी हाक मारली. माझ्या गालाकडे न बघता, कासऱ्याची गाठ चाचपत त्यांनी नेहमीचंच विचारलं.

‘काय शिकलास नवं? म्हणून दाखव.’

मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, ‘ही हिट मी सॉफ्टली. यू सेड, हिट हार्डर.’ त्यानं मला हळू मारलं. तुम्ही म्हणालात, अजून जोरात मार.

दादांचा चेहरा उजळला. एवढं लांब, न अडखळता केलेलं बोलणं त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

‘म्हंजी काय रे?’

‘म्हंजी,’ मी म्हटलं, ‘तुमी मला शाळंत ठिवलं.’

त्यांनी पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसले. मग घराकडे वळून बघितलं. आत्येभाऊ उंबऱ्यात येऊन उभा होता.

‘मंग जरा मोठ्यानं म्हण,’ दादा म्हणाले. ‘अक्काला आत ऐकू जाऊ दे.’

मी मोठ्यानं म्हटलं. आळीतली दोन-चार माणसं थांबून बघायला लागली. आत्याला त्यातलं काही कळलं नसणार. तिथं अर्थ कळणारा एकच होता, त्यानं मान खाली घातली आणि तो आत गेला. ‘अजून एकदा,’ दादा म्हणाले, आणि मी अजून एकदा म्हटलं. माझं म्हणून होईपर्यंत ते पटका नीट करून उभं राहून ऐकत होते.